अनंताचं राहिलेलं वाक्य

"अक्का, अनंता गेला," एवढंच बोलून श्रीधरनं फोन ठेवला. मी अंबाडी निवडत होते, ती तशीच राहिली... त्याच्याबद्दल लिहू का, असं नंतर विचारलं, तर श्रीधर म्हणाला, "लिवा. पण पूर्ण लिवा." म्हणून पूर्ण लिहिते.

इथं तेलुगू मुलखात आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीतल्या नाटकात अनंता असला की हशा ठरलेला. कंबर लचकवून तो "इश्श, चावट!" म्हणायचा आणि गौलीगुडा मोहल्ल्यातून आलेली मंडळी हसून लोळायची. मी विंगेत प्रॉम्प्टर. इथल्याच शाळांत शिकलेल्या आमच्या बहुतेक नटांना मराठी धड वाचता येत नाही, त्यामुळे नियम एकच: विंगेतून येईल ते बोलायचं. अनंता तो डोळे मिटून पाळायचा.

एका वर्षी त्यानं स्वतःच नाटक लिहिलं, दोन पुरुषांच्या प्रेमाचं. "या टायमाला हसवायचं नक्को, अक्का," तालमीत म्हणाला. शेवटी तो मित्राचा हात धरून आईला सांगतो, "आई, आम्ही दोघं एकाच घरात म्हातारे होणार आहोत." प्रयोगात त्यानं हात धरला मात्र, लोक सवयीनं खदखदले. कुणीतरी ओरडलं, "इश्श म्हण की रे!" अनंता अडखळला, त्यानं विंगेकडे पाहिलं. मी घाबरले. नाटक पडलं तर मंडळाची शोभा होईल, एवढंच सुचलं. संहिता हातात असून मी म्हटलं, "इश्श, चावट!"

तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला... आणि तेच बोलला. टाळ्या थांबेनात. चिक्कडपल्लीच्या घरात त्याच्यासोबत राहणारा श्रीधर प्रेक्षकांतून उठून निघून गेला, तेव्हा मला कळलं की नाटक कुणाचं होतं.

माफी मागायला गेले, तर अनंता म्हणाला, "जाऊ द्या अक्का, चाय घ्या." पुन्हा रंगमंचावर मात्र चढला नाही. लोक हसले याचा मला राग नाही, त्यांना हसायला आम्हीच शिकवलं होतं. मला लाज वाटते ती माझीच.

परवा श्रीधरला भेटायला गेले. बाल्कनीत त्यांच्या दोन वेताच्या खुर्च्या, एक रिकामी. समाचाराला आलेल्या शेजारच्या बाईंनी त्याला विचारलं, "तुम्ही त्यांचे भाडेकरू ना?"

श्रीधरनं माझ्याकडे पाहिलं, अनंता विंगेकडे पाहायचा तसं. अनंताचं ते शेवटचं वाक्य मला पाठ होतं. ओठांपर्यंत आलं आणि तिथंच राहिलं.

"हौ," तोच म्हणाला, "भाडेकरू." आणि अनंताची खुर्ची त्यानं बाईंकडे सरकवली.