शिरपूरच्या भरितावरून गेलेला उपग्रह

पुण्याहून पेटी मांडीवर घेऊन निघालो, तेव्हा साहेब एवढंच म्हणाले, ‘‘दोनदा ढगांनी घालवलं. या वेळी नोंद आणली नाहीस, तर पेटी दुसऱ्याकडे जाईल.’’

पेटी म्हणजे माझं लाडकं लिडार. आकाशात लेसर सोडायचा आणि धूळ-धुरावर आपटून परत आलेला उजेड मोजायचा. एक नवा उपग्रह हेच वरून करतो, शिवाय रडारने ढगांच्या पोटातही डोकावतो. दोघांच्या नोंदी जुळल्या, की त्याच्यावर भरवसा ठेवायचा. पण स्वारी एका जागेवरून तीन-चार आठवड्यांतून एकदाच जाते, तीही पापणी लवेपर्यंत.

धुळ्यात शेवभाजीने नाकाडोळ्यांतून पाणी काढलं. शिरपूर आलं, मागे सातपुडा, वर धुतल्यासारखं आभाळ. मी भलताच खूश होतो.

ज्यांच्या शेतात पेटी ठेवायची ते नाना बांधावरच उभे होते. त्यांनी फोनवर जेवणाची वेळ विचारली होती आणि मी ‘दोन’ सांगितली होती. उपग्रहही दोनलाच येणार, हे माझ्या डोक्यातून साफ निसटलं होतं.

पावणेदोनला पेटी लावून मान वर केली, तर वीस पावलांवर पऱ्हाट्यांचा (कपाशीच्या वाळक्या काड्यांचा) जाळ, त्यात हिरवी वांगी आणि भोवती अर्धं गाव.

‘‘नाना, आग विझवा.’’

‘‘पाहुनाले भरीत खावाडाशिवाय कसा धाडू?’’ (पाहुण्याला भरीत खाऊ घातल्याशिवाय कसा पाठवू?)

माझा आवाज चढला. ‘‘आत्ताच्या आत्ता पाणी ओता.’’

नानांनी हंडा उचलून ओतला. पांढराफटक धूर उठला आणि थेट पेटीवर येऊन बसला. नेमके दोन वाजले.

‘‘पेटेल व्हतं तवय इतला धूर नवता, साहेब,’’ (पेटलेलं होतं तेव्हा इतका धूर नव्हता) नाना शांतपणे म्हणाले.

अर्धकच्चं भरीत सगळ्यांनी कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीशी खाल्लं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुण्यात नोंदी ताडून पाहिल्या. माझ्या पेटीत धूरच धूर आणि उपग्रहाच्या नोंदीत स्वच्छ हवा. त्याचा किरण बांधापलीकडून निघून गेला होता. साहेबांनी हसू दाबत शेवटची संधी दिली.

संध्याकाळी नानांचा फोन आला. ‘‘बठ्ठा गाव इचारी ऱ्हायना. वरतून आमना धूर दिसना का?’’ (सगळं गाव विचारतंय. वरून आमचा धूर दिसला का?)

त्यांच्यावर ओरडलो होतो ते आठवलं.

‘‘दिसला, नाना. अगदी स्पष्ट.’’ ही माझ्या आयुष्यातली पहिली खोटी नोंद.

नाना खुशीत हसले. ‘‘मंग पुढली बारीले मोठी आग करसूत.’’ (मग पुढच्या वेळी मोठी आग करू.)