थकलेल्या बॅटऱ्या

लातुरात आमच्या क्लासच्या गल्लीत चाचांचं इन्व्हर्टरचं दुकान आहे. जुनी बॅटरी नेली की ते आधी तिच्यावर हात ठेवतात, तापल्या कपाळावर ठेवावा तसा. "मेली" म्हटलं की चिडतात. "थकली म्हना, सर." भूकंपात ते ढिगारे उपसायला गेले होते, एवढंच मी ऐकून आहे.

नव्या नियमानं जुन्या बॅटऱ्या चाचा कंपनीच्या गाडीत परत पाठवतात. पण परवा शेजारच्या होस्टेलनं नियम धाब्यावर बसवून आपली बॅटरी भंगारवाल्याला दिली. ओझं हलकं करायला आतलं ॲसिड नालीत ओतावं म्हणून त्यानं ती दुकानासमोरच कलती केली. चाचा धावले आणि नालीच्या जाळीवर उघडा तळहात दाबून बसले.

"ओत आता."

भंगारवाला हसला. बॅटरी आणखी कलली. ॲसिड तोंडाशी आलं. चाचांचा हात हलला नाही.

शेवटी त्यानं बॅटरी सरळ केली आणि शिव्या घालत निघून गेला.

चाचा उठले. तळहातावर जाळीचे वळ होते.

"नालीला लागून होस्टेलची बोअर हाय, सर." त्यांचा आवाज फाटला. "मेली असती लेकरं."