आधी बातमी, मग मंत्री

आमचं गाव वाढायला लागलं तशा रोज बातम्या निघायला लागल्या. नवी टाकी, नवी शाळा, नवा दवाखाना. अप्पा, म्हणजे माझे वडील, मराठी शाळेत मास्तर. पण जीव सगळा लातूरहून येणाऱ्या पेपरात. त्या पेपराचे ते गावातले वार्ताहर. पगार शून्य, मान मात्र असा की हॉटेलात त्यांना खुर्ची पुसून मिळायची. कोपऱ्यावरचा कापडदुकानदार त्या मानावर टपूनच बसलेला.

बातमी सकाळच्या बसनं ड्रायव्हरच्या हाती जायची आणि दुसऱ्या सकाळी छापून यायची. अप्पांना शिळी बातमी खपत नसे. म्हणून कार्यक्रम दुपारी असला तरी सकाळीच लिहून रवाना! ‘प्रचंड जनसमुदाय’, ‘टाळ्यांचा कडकडाट’. उद्घाटनात चुकण्यासारखं असतंय काय, म्हणायचे.

नव्या बसस्टँडच्या उद्घाटनाला मंत्री आलेच नाहीत. उन्हात ताटकळून लोक घरी गेले, फीत तशीच राहिली. बातमी तर पोचलेली! अप्पांचं तोंड उतरलं. उद्या पेपर आला की वार्ताहरकी गेली, अब्रूही गेली.

“कामून लिहून दिलाव आधीच?” आई म्हणाली. “आता जेवा गुमान.” ते काही जेवले नाहीत. मला फार वाईट वाटलं.

सकाळी बस आली. ड्रायव्हरनं वाटेत पेपर वाचलेला. नेहमीच्या लिंबाखाली न थांबता त्यानं गाडी फीत तोडून सरळ नव्या स्टँडात घातली. “उद्घाटन झालंय की! पेपरात आलंय.” मग हुलसूरची, मंठाळची गाडीही तिथंच लागली.

हॉटेलात पेपर वाचला गेला. आदल्या दिवशी उन्हात उभी राहिलेली माणसंच म्हणाली, “मंत्री आल्ते म्हणं. आपुनच लवकर निघालो.” कापडदुकानदार तर हळहळला, “जरा थांबाया पायजे होतं बघा.” अप्पांची खुर्ची पुन्हा पुसली गेली.

पुढं काही दिवसांनी मंत्री खरोखरच आले. गावातलं काळं कुत्रं फिरकलं नाही. “झालंय की ते!” नवी फीत बांधली, मंत्र्यांनी कापली, टाळ्या एकट्या अप्पांच्या. घरी येऊन त्यांनी पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहिलेलं लिहिलं, एकही शब्द न फुगवता, आणि सकाळच्या बसनं दिलं पाठवून.

दुसऱ्या सकाळी ड्रायव्हरनं कागद तसाच परत आणला. “मास्तर, शिळी बातमी कामून पाठवायलाव म्हणून पेपरवाले इचारलेत.”

अप्पा कागद घेऊन घरी आले. मग आईनं भाकरी थापता थापता त्यांना तो मोठ्यानं वाचायला लावला. वाचून झाल्यावर तिनं पिठाच्या हातानंच टाळ्या वाजवल्या, आणि आम्ही पोरांनीही.