काकांचा काटा

काकूंच्या ओट्यावर मिक्सरच्या जागी वजनकाटा होता. काकांच्या किराणा दुकानातला, गोल तबकडीचा. दुकान गेलं, काका गेले, काटा तेवढा राहिला. "काकांचं माप झुकतं," असं अख्खी गल्ली म्हणायची, आणि काकूंना ते वाक्य नवऱ्याच्या फोटोपेक्षा मोलाचं वाटायचं.

त्या काट्यावर दर महिन्याला एक पार्सल चढायचं. मुलगा तुरुंगात होता. भांडणात त्याच्या हातून माणूस मेला होता. ते खोटं आहे असं काकू कधीच म्हणाल्या नाहीत. नेताना तो एवढंच बोलला होता, "आई, ज्या महिन्यात तुझं पार्सल येणार नाही, त्या महिन्यात समजेन, तूही हात झटकलेस."

पहिलं पार्सल काकूंनी स्वतः पोस्टात नेलं. खिडकीतल्या कारकुनाने पत्ता मोठ्याने वाचला आणि मागची रांग मुकी झाली. त्यावर लेकीने तोड काढली. "झाकली मूठ सव्वा लाखाची," म्हणत तिने आईच्या फोनवर सगळं लावून दिलं, छोटा प्रिंटर आणून ठेवला. घरीच वजन करायचं, आकडा फोनात टाकायचा, पत्ता छापून चिकटवायचा, दुसऱ्या दिवशी पोस्टमन दारातून उचलून नेतो. काकू पत्त्याची बाजू खाली करून पार्सल द्यायच्या. पोस्टमनला तो पत्ता केव्हाच पाठ झाला होता, पण माणूस शहाणा. हवापाण्याचं बोलून निघायचा.

अशी सहा वर्षं गेली. मग हिवाळ्याच्या तोंडावर मुलाचं पत्र आलं : थंडी फार आहे, जमलं तर रजई पाठव.

तुरुंगात दोन किलोच्या वर पार्सल घेत नसत; दारातूनच परत धाडत, कैद्याला कळवतही नसत. आजवर एकही पार्सल दीडच्या पुढे गेलं नव्हतं. काकूंनी रजई घातली, लोकरी मोजे घातले, नेहमीसारखी आपली चिठ्ठी आत सरकवली आणि चिकटपट्टीसकट वजन केलं. बरोबर दोन किलो, काटा केसभरही इकडेतिकडे नाही.

अकराव्या दिवशी पार्सल परत. वर तुरुंगाचा शिक्का : वजन जास्त.

"मोजे काढा ना काकू, कशाला डोक्याला ताप?" पोस्टमन म्हणाला.

"मोजे काढायचे म्हणजे ह्यांचा काटा खोटा म्हणायचा! खोटा असेल तर तिकडचाच."

पार्सल जसंच्या तसं पुन्हा गेलं आणि जसंच्या तसं पुन्हा आलं. दुसरा महिना सरत आला तेव्हा काकूंचा ताठा उतरला. मुलगा तिकडे दिवस मोजत असेल, या विचाराने घास गिळवेना. सहा वर्षांनी त्या पोस्टाची पायरी चढल्या.

कारकून तोच, फक्त टक्कल पडलेलं. "दोन किलो शंभर ग्रॅम. पत्त्याखाली तर दोनच छापलंय. काकू, तुमचा काटा कमी दाखवतो."

आणि काकूंना आठवलं. काका मापात मारतात अशी आवई समोरच्या दुकानदाराने उठवली, तेव्हा काकांनीच स्क्रू पिळून काटा मागे ओढला होता. "गिऱ्हाइकाच्या पदरात दोन घास जास्तच पडू देत," म्हणाले होते. पेचकस काकूंनीच हातात दिला होता. जन्मभर त्या मापाचं कौतुक ऐकलं आणि पेचकस मात्र विसरल्या. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली त्यांना.

त्यांनी खिडकीतच पार्सल फोडलं, मोजे काढले.

"पत्ता... तोच ना?" कारकुनाने या वेळी आवाज खाली आणला.

"तोच. तुरुंगाचा. माझा मुलगा आहे तिथे," काकू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. रांग पुन्हा मुकी झाली. काकूंनी मान खाली घातली नाही.

नवव्या दिवशी पोस्टमन आला. हवेबद्दल काही बोलला नाही. हातात तेच पार्सल होतं, त्यावर नवा शिक्का : पाठवणाऱ्याचे नाव यादीत नाही. सोबत मुलाचं पत्र.

"आई, दोन महिने काही आलं नाही. समजलो. राग नाही, सहा वर्षं केलंस, पुष्कळ झालं. इथे यादीत नाव असेल त्याचंच पार्सल आणि पत्र घेतात. तुझं नाव मी काढायला सांगितलंय. एकदा काढलेलं पुन्हा घालत नाहीत, ते बरंच. आता तरी गल्लीत मान वर करून चाल."

काकू उंबऱ्यातच खाली बसल्या. पार्सल मांडीवर होतं. दोन किलोच्या आत, बिनचूक.