पाण्यावरच्या गाडीचा कॉम्प्युटर

गाडी दुरुस्त होऊन गॅरेजमधून निघून जाते, किस्से मात्र इथंच राहतात. एखादा ट्रॅक्टर एक सोडून जातो, मालवाहू ऑटो दोन. पण मागे आमच्याकडे एक जेट स्की आली होती, तिने इतके सोडले की चहाला बसलो की आजही त्यातलाच एखादा निघतो.

बल्लारपुरात आमचं दोघांचं गॅरेज आहे. मी, प्रज्ञा, वायरिंग आणि लॅपटॉपचं काम बघते. मोरेश्वरभाऊ इंजिन बघतात. तीस वर्षं त्यांनी डिझेल पंप खोलले आहेत. जेट स्की म्हणजे पाण्यावर चालणारी मोटारसायकल, हे आम्हा दोघांना ऐकून माहीत. सावली गावच्या दिवाकरभाऊंनी मात्र एक जुनी, टर्बोवाली विकतच आणली. गावच्या तलावावर बोटिंग सुरू करायचं म्हणून. पण तिच्या मूळ कॉम्प्युटरमध्ये पाणी गेलं होतं आणि तसा दुसरा मिळेना. म्हणून त्यांनी कुठल्याही इंजिनाला बसवता येतो तसला एक कॉम्प्युटर मागवला, आणि जेट स्की ट्रॉलीवर घालून आमच्याकडे निघाले.

वाटेत जंगल नाक्यावर गार्डने थांबवलं. रजिस्टरात काय लिहावं त्याला कळेना.

"चाकं नाई, वल्हं नाई. होय काय हे?"

"पाण्यावरची गाडी होय."

"मंग रस्त्यावर काऊन आणली?"

बराच वेळ विचार करून त्याने वस्तूच्या रकान्यात लिहिलं: 'लाकूड नाही.'

*

असा कॉम्प्युटर येतो तो कोरा. पेट्रोल किती, ठिणगी कधी, सगळं आपण शिकवायचं. याने पहिलाच प्रश्न विचारला, इंजिनाच्या दांड्यावरच्या चाकाला दात किती? त्या दातांवरून तो इंजिनाचे फेरे मोजतो.

मोरेश्वरभाऊंनी खडूने खूण करून मोजले. चौतीस. मी चौतीस भरले. इंजिन नुसतं खोकलं. पुन्हा मोजले, पुन्हा चौतीस. दोन दिवस यातच गेले.

मग मी पुस्तिका शांतपणे वाचायला घेतली. त्या चाकावर एका जागी दोन दात मुद्दाम ठेवलेले नसतात. ती मोकळी जागा आली की फेरा कुठे सुरू झाला ते कॉम्प्युटरला कळतं. आणि आकडा भरायचा तो नसलेले दात धरून. म्हणजे छत्तीस.

मोरेश्वरभाऊंनी हे ऐकलं आणि जिभेने स्वतःचं तोंड चाचपून पाहिलं.

"म्हंजे पडलेले बी मोजाचे? मंग माहे अजून बत्तीस हायेत."

छत्तीस भरले. पहिल्याच सेल्फला इंजिन लागलं.

*

जेट स्की जमिनीवर जेमतेम मिनिटभर चालवता येते, पाण्याविना ती तापते. शिवाय पाण्यात उतरल्याशिवाय इंजिनावर जोर येत नाही. त्यामुळे पेट्रोलचे आकडे जुळवायला सावलीच्या तलावावर जाणं आलं. दिवाकरभाऊ चालवणार, मी मागे लॅपटॉप घेऊन बसणार.

लाइफ जॅकेटं होती दोन. एक दिवाकरभाऊंनी घातलं. दुसरं शोधते, तर मोरेश्वरभाऊंनी ते लॅपटॉपला गुंडाळून, वरून प्लॅस्टिकची पिशवी घालून, दोरीने पक्कं बांधून ठेवलेलं.

"भाऊ, आणि मी?"

"तू पोहत येशीन. लॅपटॉपले कुठी पोहता येते?"

"मलेबी येत नाई."

मोरेश्वरभाऊ गंभीर झाले. "मंग आधी सांगाले पाह्यजे होतं ना, बाई."

त्या दिवशी जॅकेट मी घातलं. लॅपटॉप ट्रॅक्टरच्या ट्यूबमध्ये बसला.

*

आकडे हळूहळू जुळत आले. पण एक खोड जाईना. रेस वाढवली की इंजिनाचे फेरे एकदम वर चढायचे आणि गाडीचा वेग मात्र तेवढाच राहायचा. मी ठिणगी मागेपुढे केली, पेट्रोल कमीजास्त केलं. तीन दिवस.

त्या तलावात तुळशीरामभाऊ शिंगाडे लावतात. आमची धडपड ते रोज काठावरून बघत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपला डोंगा वल्हवत आणला, लांब बांबूचं एक टोक पाण्यात बुडवलं आणि दुसरं कानाला लावलं.

"चालवा आता."

दिवाकरभाऊ एक चक्कर मारून आले.

"इंजिन बराबर हाये," तुळशीरामभाऊ म्हणाले. "खालून पाणी ओढते तिथी गळा दाबला हाये तिचा."

आम्ही गाडी काठावर उलटी केली. ही गाडी पाणी आत ओढून मागे फेकते, त्या जोरावर पळते; पाणी आत घेणाऱ्या जाळीतच शिंगाड्याचा वेल गच्च गुंडाळलेला होता. मी अजून विचारते, बांबूतून असं काय ऐकू येतं? ते म्हणतात, "मासोळी कुठी हाये ते ऐकू येते, मंग एवढी मोठी गाडी नाई येईन?"

*

शेवटचं काम जोखमीचं होतं. टर्बो इंजिनात हवा कोंबतो. अशा वेळी ठिणगी जरा लवकर पडली की आत फटके बसतात आणि पिस्टनला भोक पडतं. नवं पिस्टन कुठून आणायचं ते दिवाकरभाऊंना माहीत नव्हतं, आम्हालाही नव्हतं. इंजिन गेलं की बोटिंग संपलं.

मोरेश्वरभाऊंनी फ्रिजची तांब्याची नळी इंजिनाला आवळली, तिला रबरी नळी जोडून टोक कानात खोचलं आणि यावेळी मागे स्वतः बसले. मी काठावर. गाडी पूर्ण वेगात गेली, आणि अर्ध्या तलावातच त्यांनी दिवाकरभाऊंच्या पाठीवर थाप मारली. बंद.

गाडी काठाला आणून लॅपटॉप जोडला, त्यावर सगळं ठीक दिसत होतं. मी तसं म्हटलंही.

"वाजून राह्यलं," एवढंच ते म्हणाले.

प्लग काढला. पांढऱ्या चिनीमातीवर चंदेरी कण, मोहरीहूनही बारीक. पिस्टनचं ॲल्युमिनियम. आम्ही तिघांनी तो प्लग हातोहात फिरवून पाहिला. मग मी ठिणगी दोन डिग्री मागे घेतली, आणि आवाज थांबला. त्यानंतर मोरेश्वरभाऊंच्या कानाशी मी कधी वाद घातला नाही.

*

चार-सहा महिन्यांनी दिवाकरभाऊ गाडी तपासायला घेऊन आले. त्या कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक फेरीची नोंद राहते. मी लॅपटॉपवर बघत होते. सगळ्या फेऱ्या त्यांच्या स्वभावासारख्या, सुसाट. एकच वेगळी. एका सकाळची, वैनगंगेवरची. इतकी हळू, की सायकल पुढे गेली असती. आणि मध्येच अकरा मिनिटं रेस शून्य, इंजिन नुसतं गुरगुरत असलेलं.

"इथी बिघडली होती का?"

"नाई. आई बसली होती मांगं. अठ्ठ्याहत्तर वर्षांची हाये. नदी जलमभर काठावरूनच पाह्यली तिनं."

"मंग थांबले काऊन?"

"नदीच्या मधात आली तं म्हणे, थांब. थांबलो."

"अकरा मिनिटं?"

"मी घड्याळ नाई पाह्यलं, ताई. तिनं पाण्यात हात घातला, तसाच ठेवला."

"काही बोलल्या?"

दिवाकरभाऊंनी लॅपटॉपवरच्या त्या सरळ रेषेवर बोट ठेवलं.

"हात पदराले पुसला," ते म्हणाले. "आन् म्हणे, झालं. चाल घरी."