वरच्यांचं झालं का?

तिमोरच्या डोंगरात आमच्या कुळाचा मका राखायचं काम मालीबेरेआबांकडे होतं. बाप्तिस्म्याचं नाव आदेलिनो, पण त्या नावानं पाद्रीबाबा सोडून कुणी हाक मारली नाही. नवा मका कधी खायचा, ते आबांनी सांगायचं. कुळाच्या घरात पहिली कणसं ठेवून ते बंदी उठवत नाहीत तोवर शेतातल्या कणसाला कुणी हात लावायचा नाही. बंदी उठली की सगळ्या घरांनी खायचं आणि सगळ्यांचं झाल्यावर शेवटी आबांनी. बेचाळीस वर्षं हे बिनबोभाट चाललं, कारण पाऊस नोव्हेंबरात यायचा आणि वरच्या-खालच्या दोन्ही वाड्यांचा मका एकमेकांमागे पंधरवड्याच्या आत पिकायचा.

अलीकडे पावसाचं तंत्रच बिघडलं होतं. त्या वर्षी तो जानेवारीत आला, दोन आठवडे झोडपून गेला तो गेलाच. खालच्या वाडीला ओढा, तिथला मका तगला. वरच्या वाडीची नऊ घरं दगडाळ उतारावर. त्यांची ताटं गुडघ्याएवढी होऊन वाळली. राजधानीहून साहेब पाहणीला आला, तो गाडीतून उतरलाच नाही. रस्त्यावरून खालचं हिरवं शेत दिसलं, त्यानं ‘पीक बरं’ असं लिहिलं आणि मदतीचा तांदूळ दुसऱ्या गावाला गेला. आबांनी त्याला पोटभर शिव्या दिल्या, पण तोवर गाडी वळणापलीकडे गेली होती.

खालच्या वाडीचा बेंतू रोज आबांच्या ओट्यावर येऊन बसू लागला.

“आबा, कणसं वाळायला लागली. पोरं पाला खाऊन कंटाळली. उठवा की बंदी!”

“वरच्यांची पिकली का?”

“वरच्यांची पिकणारच नाहीत! मग काय जन्मभर थांबायचं?”

“थांब म्हणून कुणी सांगितलं तुला?”

आणि आबांनी दुसऱ्याच दिवशी बंदी उठवली. खालच्या वाडीत चुलीचुलीवर मका भाजला. बेंतूची बायको एर्मेलिंदा पानावर कणीस घेऊन आबांकडे आली. आबांनी ते बाजूला ठेवलं.

“वरच्यांचं झालं का?”

तेव्हा सगळ्यांच्या डोक्यात उजेड पडला. म्हातारं पक्कं होतं! बंदी उठवली ती नियमानं, आणि आता खात नव्हतं तेही नियमानंच.

दुसऱ्या दिवशी एर्मेलिंदा चिडली. “हा काय हट्ट? तुम्ही मेलात तर पाप आमच्या माथी!”

“उपास थोडाच धरलाय, बाई. माझी पाळी आली की खाईन.”

बोलायला बोलले, पण अठ्ठ्याहत्तर वर्षांचं पोट ते. भाजलेल्या मक्याचा वास घरात शिरला की आबांचा जीव कासावीस व्हायचा. त्याहून मोठी भीती वेगळीच होती. ही माणसं आपल्याला खुशाल मरू देतील आणि वरच्यांनाही, असं त्यांना दोनदा वाटून गेलं. खात्री अशी कुणाचीच नव्हती.

तिसऱ्या दिवशी वरच्या वाडीतून त्यांची भाची लुर्देस धापा टाकत आली. बेंतू ओट्यावरच होता.

“मामा, खा आता. आम्ही सगळे जेवलो.”

“काय जेवलात?”

“मका.”

“कुणाचा?”

लुर्देसनं सुकलेल्या ओठांवरून जीभ फिरवली.

“अगं, खोटं तरी धड बोलावं माणसानं!” बेंतू ओरडला. तिला, आबांना, पावसाला आणि त्या साहेबाच्या गाडीला एका दमात शिव्या देत तो घरी गेला आणि माळ्यावर नुकतीच रचलेली कणसं पोत्यात भरू लागला. पुढच्या पावसापर्यंतचा साठा तो. भरताना त्याचा हात दोनदा थांबला. एर्मेलिंदा शेजाऱ्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. “बघताय काय? तुमचं पोतं कुठाय?”

संध्याकाळच्या आत पोती वर पोचली. बेंतू घामाघूम होऊन परत आला.

“नऊच्या नऊ घरं जेवली. डोळ्यांनी बघून आलोय. आता गिळा!”

एर्मेलिंदानं ताजं कणीस भाजून दिलं. आबांनी सावकाश खाल्लं, एक दाणा ठेवला नाही.

खालच्या वाडीचा मका एरवी ऑक्टोबरपर्यंत पुरायचा. त्या वर्षी तो ऑगस्टातच संपला. वरच्या वाडीचाही त्याच आठवड्यात.