गालांची बशी

टॅमरॅक तळ्यावर मासा कुठे लागला हे खरे सांगण्याची पद्धत नाही, आणि विचारणाऱ्यालाही खऱ्याची अपेक्षा नसते. कोणी विचारले तर ‘पुलापाशी’ म्हणावे, ‘पलीकडच्या काठाला’ म्हणावे, किंवा नुसतेच ‘पाण्यात’ म्हणावे. समोरच्याने मान डोलवावी आणि दोघांनी मिळून हवेविषयी बोलायला लागावे. याला आमच्याकडे कोणी खोटे बोलणे म्हणत नाही. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारी माणसेसुद्धा असेच बोलतात. हार्लन ब्रेक्के जन्मभर असेच बोलत आला होता. म्हणूनच जूनमधल्या त्या शनिवारी तो जे बोलला, त्याची एवढी लाज त्याला का वाटावी, हे त्याच्या बायकोला, आर्डिसला, बरेच दिवस उमगले नाही.

हार्लनने नोकरीची सगळी वर्षे परगण्याच्या रस्त्यांवर काढली. हिवाळ्यात बर्फ लोटायचा, उन्हाळ्यात खडी सपाट करायची. अंगाने आडवा, बोलायला मोठा, मनाने वाईट नव्हे. निवृत्त झाल्यावर माणसाजवळ जे उरते ते त्याच्याजवळ एकच होते: गावात त्याला ‘वॉलआयवाला’ म्हणत. वॉलआय म्हणजे आमच्याकडचा मानाचा मासा. सोनेरी-हिरवट अंग, काचेच्या गढूळ गोटीसारखे डोळे, आणि तव्यावरून उतरला की पाकळ्या सुटाव्यात तसे पांढरेशुभ्र मांस. बास हा त्याच तळ्यातला दुसरा मासा. तो गळाला लागला की उड्या मारतो, काठी वाकवतो, मजा आणतो. पण पाहुण्याच्या ताटात बास वाढणे आमच्याकडे कमीपणाचे समजतात. बास पकडायला शहरातून चकाकत्या होड्या येतात, माशाचे फोटो काढतात आणि तो पाण्यात सोडून परत जातात.

वॉलआयला स्वच्छ तळ लागतो, दगड लागतात, खोली लागते, असे हार्लनचे ठाम मत होते. उत्तरेच्या टोकाला पाण्याखाली खडकांची एक धार आहे. ती त्याला त्याच्या वडिलांनी दाखवली होती. तळ्याचा दक्षिणेकडचा कोपरा उथळ आणि पाणगवताने गच्च भरलेला. तिकडे होडी नेली की इंजिनाच्या पात्याला गवताचे भारे गुंडाळले जातात. “त्या गवतात बास राहतात, कासवं राहतात, आणि आपला वायनो राहतो,” असे हार्लन गावातल्या कॅफेत म्हणे, आणि टेबल हसे.

वायनो लेहतिनेन हा दूध संघाच्या कारखान्यात कॅन धुण्याचे काम केलेला, बारीक चणीचा, हलक्या आवाजाचा फिनलंडी वंशाचा माणूस. कॅफेतले बाकीचे सगळे नॉर्वेजियन वंशाचे; त्यांच्या टेबलावर तो नेहमी कडेच्या खुर्चीत बसे. त्याची होडी सपाट बुडाची, लाकडी, स्वतः ठोकलेली. तिला तो इंजिन लावत नसे. कॅफेत डेलमार नावाचा एक थट्टेखोर गृहस्थ होता. चर्चच्या जेवणात मासे तळण्याचा मान त्याचा.

“काय वायनो, आज कोशिंबिरीत काय सापडलं?” तो विचारी.

“थोडंफार,” वायनो म्हणे आणि कॉफीत साखर ढवळत राही. हे उत्तर वर्षानुवर्षे तेच होते, आणि त्यावरचे हसणेही.

मधल्या काळात तळे बदलले. पाणी कधी नव्हे इतके नितळ झाले, ऊन तळापर्यंत पोहोचू लागले आणि पाणगवत दरवर्षी पुढे सरकू लागले. उत्तरेची धार ओकीबोकी पडली. हार्लन तिच्यावरून होडी फिरवी, आमिषाला जळू लावलेला गळ दगडांवरून ओढी आणि रिकाम्या हाताने परते. कॅफेत मात्र ‘दोन-चार लागले’ असे सांगे. तेही पद्धतीतच बसणारे होते.

त्या वर्षी मे महिन्यात वायनोच्या छातीत दुखले. एकट्याने होडीत जायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले. काही दिवसांनी तो हार्लनच्या अंगणात येऊन उभा राहिला. टोपी हातात होती.

“एकदा नेशील का मला? माझ्या कोपऱ्यात. नुसतं बघून येऊ.”

हार्लनला त्याची दया आली. शिवाय आजारी माणसाला नेले असे गावात दिसणेही वाईट नव्हते. दोघे निघाले. गवताची कड जवळ येताच वायनो म्हणाला, “इंजिन बंद कर. वल्ही दे इकडे.”

“तू वल्हवणार? डॉक्टरांनी...”

“मग तू वल्हव. पण हळू. भांडी घासल्यासारखा आवाज नको.”

वायनोने त्याला गवत दाखवले. हार्लनला आजवर ते एकच वाटत होते. ते दोन प्रकारचे निघाले. एक रुंद पानांचे, ताठ, पालेभाजीच्या वाफ्यासारखे. दुसरे झिपरे, मांजराच्या शेपटीसारखे. “झिपऱ्यात जाऊ नकोस. रुंद पान बघ. ते कडक जमिनीवर उगवतं. त्याच्यात जिथे भोक दिसेल तिथे खाली सोड. सरळ खाली. ओढायचं नाही. आणि वारा गवताच्या कडेवर येत असेल तेव्हाच ये. वारा नसेल तर घरी बसून कॉफी पी.”

हार्लनने बारीक शिशाचा गळ जळूसकट त्या काळोख्या भोकात सोडला. काही झाले नाही. मग दोरी जड झाली, जणू कोणी ओला रुमाल तिच्यावर ठेवला. “बास असता तर हिसका दिला असता,” वायनो हळूच म्हणाला. “हा हिसका देत नाही. उचल.” वर आला तो वॉलआय. काचेच्या गोटीसारखा डोळा उन्हात मिटल्यासारखा झाला.

परत येताना वायनो म्हणाला, “हे तुझ्यामाझ्यात.”

“तुझ्यामाझ्यात,” हार्लन म्हणाला.

जूनमध्ये चर्चच्या तळघरात पुरुषमंडळाचे जेवण असते. एकच लांब टेबल, उकडलेले बटाटे, कोबी, राय धान्याचा काळा पाव. इतर जण सनफिश नावाचे लहानसहान मासे आणत; वॉलआय आणायचे हार्लनने, हे ठरलेले. आणि त्या जेवणाची एक जुनी रीत आहे. वॉलआयच्या गालात दोन्हीकडे मांसाची एकेक गोल चकती असते, नाण्याएवढी, सगळ्या माशात गोड. डेलमार ती आधी काढून घेतो, लोण्यात वेगळी परततो आणि एका लहान बशीत घालून एकाच माणसासमोर ठेवतो. मासा ज्याने ओढला त्याच्यासमोर नव्हे. ज्याच्या जागेवर तो सापडला त्याच्यासमोर. पूर्वी एका होडीत बापलेक असत, गळ मुलाचा असे, पण बशी बापासमोर जाई. ही बशी कित्येक वर्षे हार्लनसमोर येत होती.

त्या आठवड्यात तो रोज धारेवर गेला आणि रोज रिकामा आला. शुक्रवारी सकाळी उत्तरेचा वारा सुटला आणि दक्षिणेच्या गवताच्या कडेवर लाटा जाऊ लागल्या. हार्लनने होडी तिकडे वळवली. कोणी पाहत नाही ना, म्हणून त्याने दोनदा मागे वळून पाहिले. एरवी जागा लपवणारा माणूस ऐटीत मागे पाहतो. हार्लनने चोरासारखे पाहिले, आणि ते त्याचे त्यालाच जाणवले. तरी तो गेला. रुंद पाने, काळे भोक, सरळ खाली. कायद्याने जितके घेता येतात तितके वॉलआय त्याने घेतले आणि लगबगीने घरी आला.

शनिवारी तळघरात तेलाचा वास भरला होता. वायनो टेबलाच्या शेवटी बसला होता. आजारानंतर त्याची कॉलर गळ्याभोवती सैल पडली होती. डेलमार हातात झारा घेऊन आला.

“चांगले जाडजूड आहेत रे, हार्लन. कुठे मिळाले?”

“उत्तरेला. धारेवर,” हार्लन म्हणाला. इथवर काहीच बिघडले नव्हते. जागा सांगायची नाही, असे तर वायनोनेच बजावले होते.

“ऐकलंस का वायनो?” डेलमारने टेबलाच्या टोकाकडे पाहून आवाज चढवला. “खडकावर. कोशिंबिरीत नाही.”

सगळे हसले. हार्लनही हसला. आपल्या हसण्याचा आवाज इतरांपेक्षा मोठा होता, असे त्याला पुढे सतत वाटत राहिले.

मग बशी आली आणि त्याच्यासमोर ठेवली गेली. लोणी अजून चुरचुरत होते. आता एवढेच करायचे होते की, ती बशी टेबलावरून खाली सरकवायची. जागा उघड झाली नसती. कोणी कारण विचारले असते तर आजारी माणूस आहे म्हणता आले असते. ही वाट त्याला दिसली, ती त्याच वेळी दिसली, नंतर नव्हे. आणि सगळे पाहत होते म्हणून त्याने काटा उचलला. एकेक चकती त्याने खाल्ली. वायनो आपल्या ताटातल्या बटाट्यावर मीठ घालत होता. त्याने मान वर केली नाही.

निघताना दाराशी त्याने हार्लनचा हात हातात घेतला. “छान होता मासा,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा असता तर बरे झाले असते.

पुढचे कितीतरी दिवस हार्लनला अन्न गोड लागेना. आर्डिसने खोदून खोदून विचारले तेव्हा त्याने मे महिन्यापासूनचे सांगितले.

“म्हणजे जागेबद्दल खोटं बोललास. सगळेच बोलतात. तुझे वडील तर मरेपर्यंत खोटं बोलत होते.” मग ती थांबली. “बशी कोणी खाल्ली?”

हार्लन वाकून बुटाची नाडी बांधू लागला.

“तू खाल्लीस? वायनोसमोर?” तिने हातातला कपडा ओट्यावर ठेवला आणि ती दुसऱ्या खोलीत गेली. त्या दिवशी ती त्याच्याशी हवेविषयीसुद्धा बोलली नाही.

त्यानंतरच्या सोमवारी तो कॅफेत गेला. वायनो नव्हता. कॉफी येण्याआधीच हार्लन म्हणाला, “चर्चच्या जेवणाचे मासे धारेवरचे नव्हते. दक्षिणेच्या गवतातले होते. मला वायनोने शिकवलं. बशी त्याची होती.”

मग डेलमारने मांडीवर थाप मारली. “बघा, धार लपवायला कसा गवतात शिरला. अरे, तुझी धार कोण चोरतंय? आम्हाला तिथे शेवाळसुद्धा लागत नाही.”

“मी खरं सांगतोय.”

“सगळे खरंच सांगतात,” पलीकडून कोणीतरी म्हणाले आणि हास्याची दुसरी लाट आली. हार्लन जितका गंभीर होत गेला तितके ते अधिक हसले. जन्मभर ज्या आडोशाने तो बोलत आला होता, त्याच्यातून बाहेर यायला आता दार नव्हते.

तो तिथून तसाच वायनोकडे गेला. वायनो घरासमोरच्या, तळ्यातल्या धक्क्यावर खुर्ची टाकून बसला होता. उलटी करून ठेवलेल्या त्याच्या होडीच्या फळ्या उन्हाने फाटायला लागल्या होत्या.

“मी त्यांना सांगितलं,” हार्लन म्हणाला.

“आणि?”

“कोणी खरं मानलं नाही.”

“बरं झालं.”

“मी त्यांना नेऊन दाखवतो. डेलमारला होडीत घालतो, गळ त्याच्या हातात देतो. मग बोलू दे त्याला कोशिंबीर.”

वायनोने पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिले. “आणि शनिवारी तिथे होड्यांची रांग लागेल. इंजिनं घालून सगळं गवत कापून काढतील. मला जाता येत नाही हार्लन, पण इथं बसून मला ती जागा दिसते. तेवढीच आहे माझी. बशी खाल्लीस ती खाल्लीस. आता तुझं मन हलकं व्हावं म्हणून ती जागाही देऊन टाकतोस?”

हार्लन धक्क्याच्या फळीकडे पाहत उभा राहिला. “मग मी काय करू?”

“मला काय विचारतोस,” वायनो म्हणाला. मग त्याने पाण्याकडे हनुवटी केली. “उद्या वारा उत्तरेचा आहे. इंजिन लांबच बंद कर.”

दुसऱ्या दिवशी हार्लन वल्हवत गेला. धक्क्यावर खुर्ची होती आणि खुर्चीत वायनो. होडी झिपऱ्या गवताकडे ढळली की तो हात वर करी. मासे घेऊन हार्लन थेट त्याच्या स्वयंपाकघरात आला, सुरी मागितली, गाल काढले, लोण्यात परतले आणि एका बशीत घालून त्याच्यासमोर ठेवले. स्वतः भिंतीशी उभा राहिला. ‘खाली बस’ असे त्याला कोणी म्हटले नाही.

वायनोने काटा उचलला. “कुठे लागले?”

“गवतात. तू दाखवलेल्या जागी.”

“अस्सं,” वायनो म्हणाला. “धारेवर लागतात असं ऐकलं होतं मी.” आणि तो सावकाश खाऊ लागला. त्यातली एकही चकती त्याने हार्लनकडे सरकवली नाही, आणि बशी रिकामी होईपर्यंत हार्लनही जागचा हलला नाही.

कॅफेत आजही डेलमार तोच प्रश्न विचारतो आणि वायनो तेच उत्तर देतो. टेबल हसते, हसता हसता सवयीने हार्लनकडे पाहते. हार्लन कपात बघत असतो. त्याचे कान लाल झालेले असतात. वय झाले, आता थट्टा कळत नाही त्याला, असे लोक म्हणतात.